पोहणं थांबल्यावर पाण्यातलाच धंदा कसा उभा करायचा

माझ्याकडे येणारी मुलं-मुली साधारण बाविशी-तेविशीतली असतात. स्टेटची बरीच मेडलं, नॅशनलचं एखादं, कुरकुरणारा खांदा, कसंबसं उरकलेलं ग्रॅज्युएशन, आणि सोबत आई नाहीतर बाबा. मुलं गप्प बसतात. आईच विचारते, "मॅडम, इतकी वर्षं पहाटे उठून टँकवर नेलं हिला. आता पुढे काय?"

भोसरीत माझा एक छोटा गाळा आहे. टँकचे लेन-रोप, म्हणजे दोन लेन वेगळ्या करणाऱ्या दोऱ्या, बनवणं, जुने दुरुस्त करणं, आणि बॅकस्ट्रोकमध्ये उताणं पोहणाऱ्याला भिंत जवळ आल्याचं कळावं म्हणून वर टांगतात ते फ्लॅग शिवणं हे आमचं काम. मी महाराष्ट्राकडून बॅकस्ट्रोक पोहायचे. ऑलिंपिक टीव्हीवर पाहिलं, तेवढाच माझा आणि त्याचा संबंध. तरी या मुलांना मी ज्याची वाट धरायला सांगते तो ऑलिंपिक विजेता आहे, शिकागोचा अ‍ॅडॉल्फ कीफर. पोहणाऱ्याने धंदा कसा करावा, हे त्याच्या आयुष्यात मला जितकं स्वच्छ दिसलं तितकं कुठल्या सेमिनारमध्ये दिसलं नाही.

एक आधीच सांगून टाकते. सरकारी नोकरी हवी असेल तर आपल्या राज्यात खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. प्रमाणपत्रं पडताळून घ्या, फॉर्म भरा, माझ्या शुभेच्छा. कोल्हापूरचा वीरधवल खाडे २००८ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहला, २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत त्याने ५० मीटर बटरफ्लायचं ब्राँझ आणलं, आणि पुढे तो तहसीलदार झाला. ती वाट वेगळी, आणि चांगलीच आहे. खालचं सगळं धंद्यात उडी मारू पाहणाऱ्यांसाठी.

आधी कीफर नीट समजून घ्या

कीफरचा जन्म १९१८ चा, आईवडील जर्मनीतून आलेले. लहानपणी तो कालव्यात पडला, नाकात पाणी जायला लागलं तसा उताणा झाला आणि हातपाय मारत काठाला लागला, अशी गोष्ट सांगतात. खरी असो की रंगवलेली, बॅकस्ट्रोक पोहणाऱ्या कुणालाही ती पटेल. या स्ट्रोकमध्ये सुख काय तर तोंड कायम वर, श्वास मोकळा. आणि दुःख काय तर शेजारच्या लेनमधून येणारी लाट थेट त्याच तोंडात. ही लाट लक्षात ठेवा. पुढे तिचंच बिल फाडायचं आहे.

१९३५ साली, शाळेत असतानाच, १०० यार्ड बॅकस्ट्रोक एका मिनिटाच्या आत पोहणारा तो जगातला पहिला ठरला. पुढच्या वर्षी बर्लिन ऑलिंपिकला १०० मीटरचं सुवर्ण, वेळ १:०५.९, वय १८. ही वेळ किती भारी होती ते असं बघा: बारा वर्षांनी, १९४८ ला लंडनमध्ये अ‍ॅलन स्टॅकने सुवर्ण जिंकलं ते १:०६.४ मध्ये. कीफरचा ऑलिंपिक विक्रम मोडायला १९५२ चं हेलसिंकी उजाडावं लागलं; योशिनोबू ओयाकावाने १:०५.४ ची वेळ दिली तेव्हा. मधली १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिकं महायुद्धाने गिळली. म्हणजे पोहणाऱ्याचं ऐन भरातलं वय, आणि स्पर्धाच नाही. आपल्याकडे एका वर्षाचं नॅशनल हुकलं तरी घरात सुतक असतं.

युद्धात तो अमेरिकेच्या नौदलात गेला. तिथे भरती झालेल्या कितीतरी पोरांना धड पोहता येत नव्हतं, आणि बुडून मरणारे खलाशी थोडेथोडके नव्हते. नौदलाचं पोहण्याचं शिक्षण कीफरच्या हाती आलं. त्याने शिकवणारे तयार केले, तेही हजारोंनी. १९४७ मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली. पोहण्याचे पोशाख, जीव वाचवण्याची साधनं, टँकला लागणारं सामान. १९४८ मध्ये त्याने नायलॉनचा पोहण्याचा पोशाख आणला. १९६० च्या दशकात लाट मोडणाऱ्या लेन-रोपचं पेटंट घेतलं. २०१७ मध्ये गेला तेव्हा वय ९८.

या यादीत ऑलिंपिकचं मेडल कुठेही 'माल' म्हणून आलेलं नाही. मेडलाने दार उघडलं असेल, नक्कीच उघडलं असेल. पण गिऱ्हाइकाने पैसे मोजले ते कापडाचे, दोरीचे, जीव वाचवणाऱ्या रिंगचे.

उलटं उदाहरण हवं तर मार्क स्पिट्झ. १९७२ ला म्युनिकमध्ये सात सुवर्णं, सातही विश्वविक्रमांसह. वय २२, तिथेच निवृत्ती. दंतवैद्य व्हायचं ठरवलं होतं ते बाजूला पडलं आणि तो जाहिरातींकडे गेला. सात मेडलं गळ्यात घातलेलं त्याचं पोस्टर घराघरात लागलं, रेझरपासून कशाकशाच्या जाहिराती झाल्या. दोनेक वर्षांत ती लाट ओसरली. पुढे जमीनजुमल्याच्या धंद्यात त्याने जम बसवला, म्हणून त्याचं भागलं. सात सुवर्णांची जर दोन वर्षं, तर तुमच्या-माझ्या राज्यस्तरीय रौप्याची किती, हिशोब तुम्हीच करा.

तेव्हा मेडल विकायला निघू नका. पाण्यात तुम्हाला जे खुपत होतं त्यावरचा इलाज विका.

खुपणाऱ्या गोष्टींची वही

हे काम पोहणं सुरू असतानाच करायचं. टायमिंगची वही प्रत्येकाकडे असते. तिच्या मागच्या पानापासून दुसरी यादी सुरू करा: आज टँकवर काय खुपलं. मोठमोठ्या कल्पना लिहू नका, बारीक लिहा. गॉगल आतून धुकट होतो. वाऱ्याने फ्लॅग दोरीला गुंडाळले जातात आणि भिंत किती जवळ आली ते कळत नाही. सकाळी आठनंतर घड्याळावर ऊन येतं, सेकंदकाटा दिसत नाही. उडी मारायच्या ब्लॉकवर पाय सटकतो. रोपवर ओवलेली प्लास्टिकची डिस्क फुटून हाताला कापते. किकबोर्डचे कोपरे पोरांनी कुरतडलेत, खरंच दातांनी.

महिना-दोन महिन्यांनी वही घेऊन बसा आणि प्रत्येक ओळीपुढे दोन गोष्टी लिहा. हे कुणाला खुपतं? आणि यासाठी पैसे कोण देईल? ही दोन माणसं बऱ्याचदा वेगळी निघतात, आणि नवखे इथेच घोळ घालतात. गॉगल ज्याला खुपतो तोच विकत घेतो, पण तिथे मोठ्या ब्रँडशी गाठ आहे, तुमचा टिकाव लागायचा नाही. फ्लॅग पोहणाऱ्याला खुपतात, पैसे मात्र टँकचा मॅनेजर देतो, आणि तो तर कधी बॅकस्ट्रोक पोहलेलाच नसतो. त्याला पटवायचं तर त्याचं दुखणं वेगळं काढावं लागतं: भिंतीवर डोकं आपटून एखादं पोर जखमी झालं तर पालक कुणाच्या अंगावर येतील? फ्लॅग भिंतीपासून ५ मीटरवर आणि पाण्यापासून १.८ मीटर उंच असतात ते शोभेसाठी नव्हे. फ्लॅग दिसला की आपण हात मोजतो आणि वळतो.

कीफरच्या लाटेचंही हेच. पोहणारा पुढे सरकताना पाणी बाजूला ढकलतो. ते शेजारच्या लेनमध्ये जातं, भिंतीवर आपटून परत येतं, आणि आठ जण एकदम पोहायला लागले की टँकमध्ये नुसता खळखळाट. पूर्वीच्या दोऱ्यांना बुचाचे किंवा लाकडाचे गोळे असायचे. त्यांनी हद्द दिसायची, लाट अडायची नाही. डिस्कवाला रोप वेगळं काम करतो. लाट येऊन आदळली की डिस्क केबलभोवती फिरतात, पाणी त्यांच्या पात्यांमधून आणि भोकांमधून फुटून जातं, आणि लाटेचा जोर तिथेच जिरतो. हे ज्याच्या नाकातोंडात वर्षानुवर्षं पाणी गेलं त्यालाच सुचणार. कारखान्यात बसलेल्या इंजिनियरला लाट ही अडचण आहे हेच मुळात माहीत नसतं.

नायलॉनचंही तसंच बघा. त्याआधी स्पर्धेत लोकर, सूत, रेशीम असायचं. लोकर भिजली की जड, सूत भिजलं की सैल, रेशीम महाग आणि नाजूक. युद्धात नायलॉन पॅराशूटला गेलं, युद्ध संपल्यावर बाजारात मिळायला लागलं. कापड नवीन होतं, अडचण जुनी होती, आणि दोन्ही माहीत असलेला माणूस मध्ये उभा होता. तुमच्या वहीतल्या जुन्या अडचणीला आज कुठलं नवं सामान लागू पडेल, हे बघायला अधूनमधून प्लास्टिकच्या, कापडाच्या प्रदर्शनांना जात जा. फुकट असतात, चहाही मिळतो.

गिऱ्हाईक आधीच ओळखीचं असतं

आता माझा तर्क सांगते. कीफरने नौदलात हजारो प्रशिक्षक घडवले. युद्ध संपल्यावर ही माणसं देशभर पांगली असणार, शाळांत, कॉलेजांत, क्लबांत. १९४७ मध्ये कीफरने दुकान थाटलं तेव्हा समोरच्या टोकाला त्याला ओळखणारा कुणीतरी बसलेला असण्याची शक्यता किती, विचार करा.

तुमचं नौदल म्हणजे तुमचा टँक. एक यादी करा: तुम्हाला शिकवलेले सर आणि मॅडम, त्यांच्याकडून फुटून दुसरीकडे बॅच चालवणारे, तुमच्यासोबत पोहलेले आणि आता शाळेत पीटी शिकवणारे, जिल्हा संघटनेतले टाइमकीपर आणि रेफरी, लाइफगार्ड. आणि हमखास विसरला जाणारा माणूस म्हणजे पंप ऑपरेटर. फिल्टर कधी धुतला, क्लोरीन किती पडतं, कुठल्या लेनचा हुक हलतो, नवीन सामान आणायचं ठरलंय का, हे सगळं मॅनेजरच्या आधी त्याला माहीत असतं. मी नव्या टँकवर गेले की आधी पंपरूमकडे वळते. केबिनमध्ये नंतर.

या लोकांना भेटताना विकायला जाऊ नका. विचारायला जा. "दादा, रोप किती वर्षं टिकतो तुमच्याकडे?" एवढंच. दादा पुढचा अर्धा तास बोलतात.

दुरुस्तीपासून सुरुवात करा

नवीन माल बनवायला साचे लागतात, साच्याला पैसे लागतात. दुरुस्तीला पान्हा आणि हात लागतात. शिवाय दुरुस्ती करताना माल कुठे आणि का मोडतो ते कळतं, ते ज्ञान कुठल्याही कॅटलॉगात नसतं. म्हणून मी मुलांना सांगते, पहिलं वर्ष दुरुस्ती. माझ्या कामातलं उदाहरण सविस्तर देते, म्हणजे 'नीट बघणं' म्हणजे काय ते कळेल.

रोप पाण्यातून काढून रीलवर घ्यायचा. ओढताना तो फरशीवरून घासू द्यायचा नाही, डिस्कच्या कडा तिथेच फुटतात. मग डिस्क थोड्या थोड्या सरकवत केबल उघडी करायची आणि सुती फडकं तिच्यावरून फिरवायचं. तारेचा एखादा पदर तुटला असेल तर तो डोळ्याला दिसत नाही, फडक्याचा धागा मात्र बरोबर त्यात अडकतो. उघड्या हाताने कधीही तपासू नका. तुटलेला पदर सुईसारखा घुसतो, आणि टँकवर काम करणाऱ्याचा हात दिवसभर ओला असतो, जखम लवकर भरत नाही.

बहुतेक केबल मध्ये तुटतच नाहीत. तुटतात टोकाला, जिथे तार वळवून हुकात घातलेली असते आणि स्लीव्ह, म्हणजे धातूची छोटी नळी, दाबलेला असतो. तिथे दोन गोष्टी बघायच्या. पहिली, तार कुठली आहे. स्टेनलेस म्हणून ३०४ ग्रेडची तार सर्रास खपवतात. क्लोरीनच्या पाण्यात ३१६ जास्त टिकते. दुसरी, स्लीव्ह कशाचा आहे. स्टेनलेस तारेवर अ‍ॅल्युमिनियमचा स्लीव्ह दाबलेला असेल तर दोन धातू एकत्र आल्यामुळे अ‍ॅल्युमिनियम खात जातं. वरून पांढरी पावडर धरलेली दिसली की समजायचं, हा सीझन काही हा रोप काढणार नाही. टोक कापून नवा स्लीव्ह बसवायचा, आणि तोही स्टेनलेसचाच.

डिस्कचा शत्रू ऊन आहे. उघड्या टँकवरचे रोप एका बाजूने फिके पडलेले असतील तर ते फिरत नाहीयेत. म्हणजे लाटही मोडत नाहीयेत. डिस्क बोटाने फिरवून बघा. अडकत असेल तर भोकात क्षार साचलेत, नाहीतर केबलवरचं प्लास्टिकचं आवरण सुटून गोळा झालंय. रात्री रीलवर साधं कापडी आवरण टाकायला सांगितलं तरी रोपचं आयुष्य वाढतं. मला त्यात माल विकला जात नाही, पण हे सांगितलं की पुढच्या वर्षीचं काम माझ्याकडेच येतं.

रोप परत लावताना ताण देणं हे खरं कसब. दोन माणसं लागतात. एका टोकाला हुक भिंतीतल्या खाचेत बसवायचा, दुसऱ्या टोकाला केबल ताणणारा रॅचेट फिरवायचा. घाईने एकाच रोपला पूर्ण ताण द्यायचा नाही. सगळे रोप आधी निम्म्या ताणावर आणायचे, मग एकेक पूर्ण करायचा. भिंतीतला हुक टाइलच्या आत गाडलेला असतो. जास्त ओढलं की टाइल तडकते आणि मग दुरुस्तीचं बिल आपल्यालाच येतं. पूर्ण ताण दिल्यावर चहा प्यायला जायचं, कारण डिस्क बसायला वेळ लागतो आणि ताण थोडा उतरतो. परत येऊन पुन्हा बघायचं. शेवटी एका टोकाला बसून, डोळा पाण्याच्या पातळीला आणून, रोपच्या रेषेत बघायचं. रेष साप झाली असेल तर ढिला आहे.

रंगांचं भान ठेवा. आठ लेनच्या टँकला आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे कडेच्या १ आणि ८ लेनचे रोप हिरवे, २, ३, ६, ७ चे निळे आणि मधल्या ४ व ५ चे पिवळे. दोन्ही टोकांना ५ मीटरपर्यंत लाल. १५ मीटरवर वेगळ्या रंगाची डिस्क, कारण बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये तिथपर्यंतच पाण्याखालून जाता येतं. हे रंग चुकीच्या जागी लागलेले मी मोठ्या मोठ्या टँकवर पाहिलेत. मॅनेजरला माहीत नसतं, ठेकेदाराला घेणं नसतं, आणि पोहणाऱ्याला कुणी विचारत नाही. ही त्रुटी मुद्द्यासकट कागदावर लिहून दिलीत तर तुम्ही ठेकेदार राहत नाही, जाणकार होता. दर मग आपोआप सुधारतो.

कागद, उधारी आणि पेटंट

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारदरबारी नोंद, पहिल्या आठवड्यात करा. सरकारी पोर्टलवर फुकट होते. पैसे मागणाऱ्या एजंटाला नमस्कार करा. नोंदवताना एक गोष्ट जपा: तुम्ही माल बनवता किंवा सेवा देता हे त्यात आलं पाहिजे. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्याला बँकेच्या कर्जापुरता फायदा मिळतो. बनवणाऱ्या किंवा सेवा देणाऱ्या लहान उद्योगाला त्याहून बरंच काही मिळतं. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरच्या टेंडरांत अनामत रकमेतून सूट मिळते. आणि लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे गिऱ्हाइकाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. तक्रारीसाठी सरकारी पोर्टल आहे.

कायदा आहे, पण तो वापरताना डोकं शांत ठेवा. एका गावच्या नगरपालिकेकडे माझं बिल इतकं रखडलं की तेवढ्यात तिथले तीन अधिकारी बदलले. प्रत्येक नवा साहेब "फाइल बघतो" म्हणायचा. शेवटी मी नोटीस पाठवली नाही, पण कायद्याचं कलम आणि व्याजाचा हिशोब एका साध्या पत्रात टाइप करून आवक-जावक विभागात दिला आणि पोच घेतली. शिक्का मारलेल्या कागदाची सरकारी ऑफिसात वेगळीच दहशत असते. पैसे आले, व्याज मी सोडून दिलं. पुढच्या वर्षी तिथे परत जायचं होतं.

दर काढताना माल, मजुरी, टेम्पो हे सगळे धरतात. उधारीचं व्याज धरायला विसरू नका. क्लबचा दर आणि पालिकेचा दर एक असू शकत नाही.

पेटंटबद्दल सगळे उत्साहाने विचारतात, म्हणून थोडं. कीफरला जमलं, तुम्हालाही जमेल. पण क्रम पाळा. नवी कल्पना टँकवर सगळ्यांना दाखवायची, व्हिडिओ टाकायचा, आणि मग अर्ज करायचा, असं केलंत तर नावीन्यच उरत नाही आणि अर्ज तिथेच मरतो. आधी अर्ज, मग बोभाटा. पेटंट २० वर्षांचं असतं आणि खर्चिक असतं. वस्तूचा फक्त आकार-घडण नवी असेल तर डिझाइन नोंदणी बघा, ती १० वर्षांची, पुढे ५ वर्षं वाढवता येते. बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं.

माल बनवायचा नसेल तर

प्रत्येकाला ग्रीस-तेलात हात घालायला आवडत नाही. मग दोन वाटा.

एक शिकवण्याची. बंगळूरची निशा मिलेट सिडनी २००० ऑलिंपिकमध्ये २०० मीटर फ्रीस्टाइल पोहली आणि पुढे तिने स्वतःच्या नावाने अकादमी उभी केली. इथे नावाचा उपयोग होतो, कारण आईबाप पोराला नावाकडे बघून पाठवतात. पण पोर तीन महिन्यांत पोहायला लागलं नाही तर ते नाव घेऊन भांडायला येतात. पटियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा कोचिंगचा कोर्स आणि जीवरक्षकाचं प्रमाणपत्र हे दोन्ही आधी मिळवा. आणि स्वतःचा टँक बांधायचं स्वप्न निदान पाच वर्षं कपाटात ठेवा. तास भाड्याने घ्या. पाणी, वीज, क्लोरीन यांची बिलं उन्हाळ्याच्या फीवर बारा महिने भरावी लागतात.

दुसरी वाट डोक्याची. ब्रिटनचा एड्रियन मूरहाउस १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक पोहायचा. १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये चौथा. १९८६ ला माद्रिदच्या जागतिक स्पर्धेत भिंतीला पहिला हात लावला आणि बाद ठरवला गेला. १९८८ ला सोलमध्ये मात्र सुवर्ण, १:०२.०४. हंगेरीच्या कारोली ग्युटलरची वेळ १:०२.०५. एक शतांश सेकंद! (आपल्या वीरधवलचं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलचं ब्राँझ याच एका शतांशाने गेलं. ते आठवलं की माझं अजून पोटात कालवतं.) मूरहाउसने १९९५ मध्ये खेळाच्या मानसशास्त्रातल्या तज्ज्ञासोबत कंपनी काढली, नाव लेन४. प्राथमिक फेरीत सर्वात वेगवान ठरलेल्याला अंतिम फेरीत चौथी लेन मिळते, तिथून हे नाव. दडपणाखाली माणसं चांगलं काम कसं करतात, हे ती कंपन्यांना शिकवायची. २०२१ मध्ये ईवाय या बड्या सल्लागार कंपनीने ती विकत घेतली.

मूरहाउसकडून घ्यायचं ते 'सोबत' या शब्दापाशी. "मी जिंकलो, तुम्हीही जिंकाल" छापाचं भाषण कुठलाही खेळाडू एकदा देऊ शकतो, आणि एकदाच. दुसऱ्यांदा बोलावतात ते तुमच्याकडे पद्धत असेल तर. ती पद्धत तुमच्याकडे नसेल तर जिच्याकडे आहे तिला भागीदार करा. स्वतःला येत नाही ते दुसऱ्याकडून घेणं पोहणाऱ्यांना जड जातं, लेनमध्ये एकट्याने राहायची सवय असते ना.

आणखी एक, आईबाबांसाठी. कीफरने जिंकलेल्या बर्लिनच्या त्या शर्यतीत ब्राँझ जिंकणारा जपानचा मासाजी कियोकावा चार वर्षांपूर्वी, १९३२ ला, याच शर्यतीचा विजेता होता. पोहणं थांबल्यावर तो कानेमात्सु या व्यापारी कंपनीत वरच्या पदांपर्यंत चढला, आणि पुढे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचा उपाध्यक्षही झाला. त्याने पोहण्याचं सामान विकलं नाही. त्याने वाणिज्य शाखेचं शिक्षण घेतलं होतं. तेव्हा मुलीचं बीकॉम पोहण्यापायी अर्धवट सोडू नका. माझ्या गाळ्याचे हिशोब बघायलाही शेवटी बीकॉमवालीच ठेवावी लागली.

कधी निघायचं

उघडे टँक उन्हाळ्यात भरतात. मार्चअखेर शाळांच्या परीक्षा संपत आल्या की बॅचेसना गर्दी होते, आणि एकदा पोरं पाण्यात उतरली की रोप काढून द्यायला कुणी तयार नसतं. पालिकांचं आणि शाळांचं वर्षही ३१ मार्चला संपतं; उरलेला निधी खर्ची टाकायची धावपळ त्याआधी होते. म्हणून टँकवरची पहिली चक्कर डिसेंबरात मारा, पाहणीचा लेखी अहवाल जानेवारीत द्या, काम फेब्रुवारीत उरका आणि बिल मार्चच्या पहिल्या आठवड्यात टेबलावर पोचवा. एप्रिलमध्ये गेलात तर साहेब हसून सांगतील, "छान आहे हो तुमचं काम, पुढच्या बजेटला बघू."